विंचवाचे विष नसांच्या टोकाशी काय करते?

उन्हाळ्यात करंजा-पनवेलच्या पट्ट्यात विटांच्या ढिगात, सरपणात, दारातल्या चपलेत विंचू सापडतो. आपण मोठ्या काळ्या इंगळीला जास्त घाबरतो. पण कोकणात जीव घेतो तो लहानसा लाल विंचू, आणि सर्वाधिक धोका लहान मुलांना असतो.

त्याचे विष नसांच्या टोकांवर काम करते. या टोकांत रसायनाने भरलेल्या अतिसूक्ष्म पिशव्या असतात. नसेतून संदेश आला की टोकाची सोडियमची दारे क्षणभर उघडतात, पाठोपाठ कॅल्शियम आत शिरते आणि काही पिशव्या बाहेर रित्या होतात. हृदयाकडे व रक्तवाहिन्यांकडे जाणाऱ्या अनेक नसा नॉरॲड्रेनॅलिन सोडतात. त्यालाही लगाम असतो. बाहेर पडलेले थोडे रसायन उलट त्याच टोकाला चिकटून ‘पुरे’ असे सांगते, आणि बरेचसे टोक परत ओढून घेते.

लाल विंचवाचे विष सोडियमची दारे नीट मिटूच देत नाही. नळाची तोटी उघडीच राहावी तसे रसायन वाहत राहते आणि लगाम अपुरा पडतो. मग अंग घामाने भिजते, उलट्या होतात, मुलग्याचे लिंग ताठ राहते (हे सांगायला लाजू नये, डॉक्टरांना ही खूण फार मोलाची असते). पुढे रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय गार पडतात, हृदय थकते, फुप्फुसात पाणी भरते.

यावरचा उपाय आपल्याच रायगड जिल्ह्यात रुळला. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी विंचूदंशावर वापरली. ती तोटी बंद करत नाही. रक्तवाहिनीवर नॉरॲड्रेनॅलिन जिथे बसते ती जागाच ती अडवते. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी शंभरात तीसएक दगावत, ते प्रमाण चारच्या आत आले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, महाडच्या ७० रुग्णांवरील अभ्यासात विंचवाची लस आणि प्राझोसिन दोन्ही मिळालेले रुग्ण आणखी लवकर सावरले. बावस्करांना २०२२ ला पद्मश्री मिळाली.

मग मांत्रिकाने उतरवलेला विंचू? पुष्कळ दंशांत नुसती आग होते आणि ती दिवसभरात आपसूक ओसरते. श्रेय मात्र मंत्राला मिळते. उलट विष अंगात भिनलेल्या मुलाला कधी कधी वेदना थोडीच असते. म्हणून फार दुखत नाही यावर आम्ही तरी विसंबणार नाही. घाम, उलटी, गार हातपाय यांपैकी काहीही दिसले तर १०८ ला फोन करून उरणचे ग्रामीण किंवा पनवेलचे उपजिल्हा रुग्णालय गाठावे. गोळी घरी देऊ नये, तिने रक्तदाब एकदम उतरू शकतो. लहान मुलाला तर काही दिसत नसले तरी न्यावे आणि २४ तास नजरेखाली ठेवावे.