नागिन डान्सची बीन खरंच बीन आहे का?



लग्नसराई सुरू झाली की आपल्या मोडनिंबमध्ये रात्री वराती निघतात. बेंजो पार्टीच्या गाडीपुढे पोरं नाचत असतात. मध्येच कीबोर्डवाले काका बीन सुरू करतात. लगेच एकजण रुमालाचं टोक दातांत धरून गारुडी बनतो आणि दुसरा हातांचा फणा करून रस्त्यावर लोळायला लागतो. हा नागिन डान्स तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय, काहींनी तर केलायसुद्धा!

मागच्या वर्षी चौथीच्या वर्गात आवाजाबद्दल शिकवताना मी सहज विचारलं, "ही बीन कोण वाजवतं?" सगळे ओरडले, "गारुडी!" एक मुलगी मात्र हळूच म्हणाली, "माझे पप्पा." वर्ग हसला. एक मुलगा म्हणाला, "मॅडम, तिचे पप्पा तर कॅसिओची बटणं दाबत्यात. ते कुठं खरं वाजवणं असतंय?" ती मुलगी खाली मान घालून बसली. मी वर्गाला गप्प केलं, पण त्या मुलाला द्यायला त्या दिवशी माझ्याकडे नीट उत्तर नव्हतं. ते शोधताना जे सापडलं, तोच आजचा पाठ.

सिनेमातली बीन

वरातीत वाजते ती धून आली 1954 सालच्या 'नागिन' या हिंदी चित्रपटातून. संगीतकार होते हेमंतकुमार. चित्रपट इतका गाजला की बीन ऐकून थिएटरात साप आल्याच्या गोष्टीसुद्धा लोक सांगायचे.

आता गंमत ऐका. ती बीन गारुड्याची नव्हतीच! ती वाजवली होती कल्याणजी वीरजी शाह यांनी, क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेवर चालणाऱ्या वाद्यावर. साथीला हार्मोनियमवर होते रवी. दोघेही पुढे नामवंत संगीतकार झाले. कल्याणजींचं कुटुंब मूळचं कच्छचं, पण ते वाढले मुंबईच्या गिरगावात, मराठी आणि गुजराती वस्तीत. पुढे धाकट्या भावाबरोबर 'कल्याणजी-आनंदजी' ही त्यांची जोडी प्रसिद्ध झाली.

म्हणजे सत्तर वर्षं आपण ज्याला बीन समजून नाचतोय, तो आवाज पहिल्यापासूनच इलेक्ट्रॉनिक आहे. तुमच्या मैत्रिणीचे पप्पा कीबोर्डवर तो वाजवतात, तेव्हा ते नक्कल नाही, मूळचीच रीत चालवतात.

क्लॅव्हिओलिन कसं होतं?

हे वाद्य फ्रान्समधल्या कॉन्स्टंट मार्टिन यांनी 1947 साली तयार केलं. पेटीसारख्या पट्ट्या, पण फक्त तीन सप्तकांच्या. आत जुन्या रेडिओत असायचे तसे व्हॉल्व्ह. एका वेळी एकच सूर वाजायचा. दोन पट्ट्या एकदम दाबल्या तरी दोन सूर निघायचे नाहीत. आवाजाचा रंग बदलायला खटके होते आणि आवाज लहान-मोठा करायला गुडघ्याने ढकलायची एक दांडी होती. हात पट्ट्यांवर, गुडघा दांडीवर!

मग त्यातून बीनसारखा आवाज का यायचा? खरी बीन म्हणजे पुंगी. तिच्यात भोपळ्याला दोन नळ्या लावलेल्या असतात आणि नळीतली पातळ पाती फुंकरीने थरथरते. त्यामुळे आवाज किनरा, नाकातून आल्यासारखा वाटतो. अशा आवाजात मुख्य सुराबरोबर त्याचे वरचे उपसूर भरपूर असतात. क्लॅव्हिओलिनच्या विजेच्या सुरातही ते भरपूर असायचे. म्हणून कानाला दोन्ही जवळचे वाटतात.

विजेपासून सूर कसा बनतो?

आवाज म्हणजे कंपन. पेटीची 'काळी एक' दाबली की धातूची पाती एका सेकंदात साधारण 277 वेळा थरथरते. त्याच्या वरच्या सप्तकातली काळी एक 554 वेळा, म्हणजे बरोबर दुप्पट. या संख्येला वारंवारिता म्हणतात आणि ती हर्ट्झमध्ये मोजतात.

इलेक्ट्रॉनिक वाद्यात पाती नसते. तिथे वीजच तितक्या वेळा मागे-पुढे होते आणि स्पीकरचा पडदा हलवते. जुन्या सिंथेसायझरमध्ये हे काम तीन टप्प्यांत चालायचं :

1. सूर तयार करणे. हे काम ऑसिलेटरचं. तो एकसारखा, भरगच्च, थोडा कर्कश सूर देतो.

2. सूर गाळणे. हे काम फिल्टरचं. चहाची गाळणी चोथा अडवते ना, तसा फिल्टर नको ते उपसूर अडवतो. जास्त गाळलं की आवाज बासरीसारखा मऊ होतो, कमी गाळलं की पुंगीसारखा धारदार राहतो.

3. सुराला आकार देणे. शाळेची घंटा आठवा. रुळाच्या तुकड्यावर टोला पडला की आवाज एकदम मोठा येतो आणि हळूहळू विरतो. पेटीचा सूर मात्र भाता चालू असेपर्यंत टिकतो. आवाज कसा सुरू होतो, किती टिकतो, कसा संपतो हे सिंथेसायझरमध्ये आपण ठरवू शकतो.

यापेक्षाही अजब वाद्य आहे थेरेमिन. रशियन शास्त्रज्ञ लेव्ह थेरेमिन यांनी ते 1920 च्या सुमारास बनवलं. त्याला हातच लावायचा नसतो! दोन अँटेना असतात. एकीजवळ हात नेला-आणला की सूर चढतो-उतरतो, दुसरीजवळ आवाज लहान-मोठा होतो.

तेच वाद्य, दुसरा देश

1962 साली 'टेलस्टार' नावाचा दळणवळण उपग्रह आकाशात सोडला गेला. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या 'द टॉर्नेडोज' या वाद्यवृंदाने त्याच नावाची धून काढली आणि ती इंग्लंड-अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. तिच्यातली मुख्य चालसुद्धा क्लॅव्हिओलिनच्याच जातीच्या वाद्यावर वाजवली होती. तिथल्या लोकांना त्या आवाजात अंतराळ ऐकू आलं, आपल्याला नाग ऐकू आला. वाद्य एकाच जातीचं. मग फरक कुठला? वाजवणाऱ्याचा.

मुंबईतले चरणजित सिंग

आणखी एक गोष्ट आपल्याच महाराष्ट्रातली. मुंबईत चरणजित सिंग नावाचे वादक हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवायचे. त्यांनी रोलँड या जपानी कंपनीची तीन यंत्रं घेतली. ज्युपिटर-8 हा एका वेळी आठ सूर वाजवणारा सिंथेसायझर, टीआर-808 हे तालयंत्र आणि टीबी-303. सोबतीला बेस गिटारवाला नसेल तर सराव करणाऱ्याला साथ मिळावी म्हणून टीबी-303 बनवलं होतं. त्याच्यात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. आपल्या गाण्यातली मींड आठवा!

या यंत्रांवर त्यांनी भैरव, ललत, भूपाळी, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले. 1982 साली एचएमव्हीने त्याची तबकडी काढली. ती फारशी खपली नाही, लोक विसरून गेले. पुढे 1987 साली अमेरिकेतल्या शिकागोमध्ये त्याच टीबी-303 वर 'ॲसिड हाऊस' नावाचं नाचाचं संगीत गाजलं. 2010 मध्ये सिंगांची तबकडी पुन्हा निघाली, तेव्हा जगभरचे लोक चकित झाले. असला आवाज मुंबईत पाच वर्षं आधीच वाजला होता! त्यानंतर म्हातारपणी त्यांना परदेशात कार्यक्रमांची बोलावणी आली. 2015 साली त्यांचं निधन झालं.

वर्गातली परीक्षा

हे सगळं वाचल्यावर मी त्या मुलीच्या वडिलांना दप्तरमुक्त शनिवारी शाळेत बोलावलं. ते कीबोर्ड घेऊन आले. लाजत होते. "मॅडम, मी काय शिकवणार? दहावी नापास माणूस," म्हणाले.

त्यांनी बीनचा आवाज लावला आणि हसणाऱ्या त्याच मुलाला पुढे बोलावलं. "दाब बाळा." त्याने पट्टी दाबली. प्यँऽऽ! एसटीच्या हॉर्नसारखा आवाज आला. आणखी दोन पट्ट्या दाबल्या, तरी हॉर्नच. वर्ग पुन्हा हसला, पण या वेळी तोही हसला.

मग त्यांनी स्वतः वाजवलं. तोच आवाज, त्याच पट्ट्या. उजव्या हाताची बोटं मुख्य सुराच्या आजूबाजूच्या पट्ट्यांना निसटता स्पर्श करत होती. डावा हात बाजूच्या चाकावर होता, तो सूर किंचित वाकवत होता. दोन सेकंदांत अख्खा वर्ग डोलायला लागला. "हे शिकायला किती दिवस लागले?" मी विचारलं. ते म्हणाले, "दहा-बारा वर्षं झाली. अजून शिकतोयच."

मुलांनो, मला माझं उत्तर मिळालं. यंत्र आवाज देतं, गाणं माणूस देतो. पुंगी असो, पेटी असो नाहीतर कॅसिओ, नुसतं दाबून किंवा फुंकून काही होत नाही. आवाज विजेतून आला म्हणून खोटा ठरत नाही. त्या मुलीची मान त्या दिवशी ताठ होती, हे मी मुद्दाम सांगते.

एक गैरसमज दूर करूया

नाग बीन ऐकून डोलतो असं म्हणतात. सापाला बाहेरचे कान नसतात. जमिनीतली कंपनं त्याला चांगली कळतात, पण बीनची चाल त्याला आपल्यासारखी समजत नाही. समोर हलणाऱ्या पुंगीवर नजर ठेवून तो स्वतःचा बचाव करायला हलतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे साप पकडून त्याचा खेळ करणं हा गुन्हा आहे. नागिन डान्स खुशाल करा, खऱ्या नागाला मात्र त्याच्या वाटेने जाऊ द्या.

करून बघा

1. स्टीलची पट्टी बाकाच्या कडेला धरा आणि तिचं मोकळं टोक टिचकीने हलवा. बाहेरचा भाग कमी-जास्त केल्यावर सुरात काय बदल होतो ते वहीत लिहा.

2. घंटा, टाळ, शिट्टी आणि पेटी यांचे आवाज ऐका. प्रत्येक आवाज कसा सुरू होतो आणि कसा संपतो याचं रेघेने चित्र काढा.

3. आपल्या गावातल्या एका वादकाला भेटा. हलगी, ढोलकी, पेटी, बेंजो, ऑक्टापॅड, कोणतंही वाद्य चालेल. त्यांना एकच प्रश्न विचारा : "हे शिकायला तुम्हाला सगळ्यात अवघड काय गेलं?" उत्तर पाच ओळींत लिहून आणा.

पालकहो, तिसरा उपक्रम मुलांबरोबर तुम्हीही करा. पुढच्या वरातीत गाडीवरच्या वादकाकडे तुमचं मूल वेगळ्या नजरेने बघेल.