उंदीरमामाची परीक्षा

उंदीर म्हटलं की आपल्या हॉस्टेलवर दोनच गोष्टी आठवतात : कुरतडलेली मॅगीची पाकिटं आणि रात्री अकराची किंचाळी! पण मित्रमैत्रिणींनो, आज मी प्रयोगशाळेतल्या उंदरांबद्दल लिहिणार आहे. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या.)

माझी मामेबहीण एम.फार्म. करते. तिला 'ओपन फील्ड टेस्ट'साठी एक सर्किट हवं होतं. या चाचणीत उंदराला उघड्या, चौकोनी पेटीत सोडतात. तो भिंतीला चिकटून राहिला तर घाबरलेला, मधोमध फिरला तर निर्धास्त, असं मानतात. मी वारज्याच्या रूमवर दोन रात्री जागून, अल्ट्रासॉनिक सेन्सर वापरून त्याच्या हालचाली मोजणारं यंत्र बनवलं.

पहिल्याच दिवशी उंदीर कोपऱ्यात अंग चोरून बसला. मी वहीत लिहिलं, 'घाबरलेला.' ताईने सेन्सरची डेटाशीट मागितली आणि कपाळावर हात मारला. "अगं, ४० किलोहर्ट्झ! हे त्याला ऐकू येतं!" माणसाला साधारण २० किलोहर्ट्झच्या वरचं ऐकू येत नाही, उंदराला मात्र ८० च्या आसपासही येतं. म्हणजे आम्ही त्याच्या कानाशी भोंगा वाजवत होतो, आणि वर त्यालाच भित्रा म्हणत होतो.

नंतर आम्ही वेबकॅम लावला. त्या दिवसाचे आकडे ताईने फाडले नाहीत, कारण लिहून 'रद्द' केले. मला मात्र वाईट वाटलं. त्या जिवाला त्रास झाला आणि त्यातून ज्ञान शून्य.

मग मी वाचायला लागले. १९९९ साली अमेरिका आणि कॅनडातल्या तीन प्रयोगशाळांनी त्याच त्या वंशांचे उंदीर, सारखी उपकरणं आणि सारखं वेळापत्रक ठेवून चाचण्या केल्या, तरी काही निकाल वेगळे आले. २०१० साली दिसलं की शेपटीने उचललेले उंदीर नळीतून उचललेल्यांपेक्षा जास्त बिचकतात. २०१४ साली तर कळलं की प्रयोग करणारा पुरुष असेल तर नुसत्या त्याच्या वासानेही त्यांचा ताण वाढतो!

दुसरी अडचण अर्थ लावण्याची. १९७७ पासून वापरात असलेल्या 'फोर्स्ड स्विम टेस्ट'मध्ये उंदराला पाण्यात सोडतात. तो हातपाय मारायचा थांबला की 'निराश झाला' असं धरायचं. पण सुटका नाही हे ओळखून तो ताकद वाचवत असेल तर? मग ती निराशा नव्हे, शहाणपण झालं.

याचा अर्थ सगळे प्रयोग बंद करा, असं मी म्हणत नाही. १८९७ साली मुंबईत प्लेगची लस टोचून घेण्याआधी हाफकिन यांनी ती प्राण्यांवर तपासली होती, मगच १० जानेवारीला स्वतःवर. पण तिथे प्रश्न जगण्या-मरण्याचा, उत्तर स्पष्ट. इथे आपण मन वाचायला निघालोय.

रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये तीन नियम सांगितले : शक्य तिथे प्राण्याऐवजी दुसरा मार्ग वापरा, संख्या कमी करा, त्रास कमी करा. आपल्याकडे १९६० च्या कायद्याखाली आणि १९९८ च्या नियमांनुसार अशा प्रयोगांना आधी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची परवानगी लागते. ताईकडे ती होती. पण माझा सेन्सर त्या अर्जात कुठेच नव्हता! 'नुसतं सर्किट तर आहे' असं मला वाटलं होतं. आता कळतं, पेटीत जे जे जातं ते सगळं प्रयोगाचाच भाग असतं.

परीक्षेच्या आदल्या रात्री हायवेवरचे हॉर्न ऐकत आपण जागतो, मार्क कमी पडतात, आणि सर म्हणतात, "अभ्यास केला नाहीस." तेव्हा किती राग येतो! आपण निदान तोंड उघडून सांगू तरी शकतो. उंदीर सांगू शकत नाही. म्हणून निकाल लिहिण्याआधी एकदा स्वतःचंच यंत्र तपासा, एवढीच विनंती.