दीर्घिकांची रेडिओ चमक का उतरली?

प्रश्न : दीर्घिकांची रेडिओ चमक काळाच्या ओघात बदलत गेली, असं वाचलं. हा बदल अब्जावधी वर्षांचा आणि आपल्या रेडिओ दुर्बिणी तर कालपरवाच्या. मग हे कळलं कसं?
— बारावी विज्ञानाची विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : माळेगावच्या यात्रेत एका फेरीत तान्ह्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळी वयं दिसतात, एकाच माणसामागे सत्तर वर्षं हिंडावं लागत नाही. आकाशातही तसंच. ज्या दीर्घिकेच्या लहरी आठ अब्ज वर्षं प्रवास करून पोचतात, ती आपल्याला आठ अब्ज वर्षांपूर्वीची दिसते. म्हणून जवळच्या आणि दूरच्या दीर्घिकांची तुलना करायची.

पहिला पुरावा मिळाला तो निव्वळ मोजणीतून. समजा, सगळे रेडिओ स्रोत सारख्याच ताकदीचे आणि सगळीकडे सारखेच विखुरलेले आहेत. दुप्पट अंतरावरचा स्रोत चौपट मंद दिसतो, पण तिथपर्यंतचं घनफळ आठपट होतं. म्हणजे चौपट मंद स्रोतांपर्यंत मोजत गेलं, तर संख्या आठपट भरावी. विश्व प्रसरण पावतं म्हणून थोडी कमीच. केंब्रिजच्या मार्टिन राइल यांच्या मोजणीत ती आठपटीहूनही जास्त भरली. अर्थात, दूरवर, म्हणजे पूर्वीच्या काळी, प्रबळ स्रोत जास्त होते.

मग विश्व सदासर्वकाळ सारखंच असतं, हा फ्रेड हॉइल यांचा सिद्धांत अडचणीत आला. १९६१ मध्ये राइल यांच्या निष्कर्षाला आव्हान देणाऱ्यांत हॉइल यांचे विद्यार्थी, कोल्हापूरचे जयंत नारळीकर होते. पुढे सत्तरच्या दशकात गोविंद स्वरूप आणि विजय कपाही यांनी उटीच्या दुर्बिणीतून स्रोतांचे कोनीय आकार तपासले. कौल बदलाच्याच बाजूने पडला.

आता कारण. ही चमक दोन ठिकाणांहून येते. एक, केंद्रातल्या महाकाय कृष्णविवराजवळून सुटणारे झोत. दुसरं, ताऱ्यांचे स्फोट : जड तारे लवकर मरतात, त्यांच्या स्फोटांतून वेग घेतलेले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेत रेडिओ लहरी सोडतात. त्यामुळे जिथे तारे धडाक्याने जन्मतात, तिथे रेडिओ चमकही जास्त. सुमारे दहा अब्ज वर्षांपूर्वी हा धडाका आजच्या जवळजवळ दहापट होता.

ताऱ्यांच्या जन्माचा हा धडाका ओसरला का, याचा धागा आपल्याच राज्यात सापडला. नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण म्हणजे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. तारे घडतात हायड्रोजन वायूतून, पण एकेका दूरच्या दीर्घिकेतल्या हायड्रोजनचा संकेत फारच क्षीण. म्हणून पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या (एनसीआरए) संशोधकांनी ७,६५३ दीर्घिकांचे संकेत एकत्र केले. २०२० मध्ये निष्कर्ष आला : आठ अब्ज वर्षांपूर्वी या दीर्घिकांकडे हायड्रोजन भरपूर होता, पण तारे घडवण्याचा वेग इतका, की तो साठा एक-दोन अब्ज वर्षंच पुरला असता. बाहेरून नवा वायू पुरेसा आला नाही, की ताऱ्यांची घडण मंदावणार आणि तिच्यामागोमाग ही चमकही. आपली आकाशगंगा आज वर्षाला जेमतेम एक-दोन सूर्यांइतक्याच वायूचे तारे घडवते.