फुटबॉल क्लबचे समर्थक सभासद: जाहिरातीला किती, मैदानाला किती?

सांडोर, पापडी, तारखड या वसईच्या पश्चिम पट्ट्यात फुटबॉलची गोडी लावावी लागत नाही. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात वसई तालुका कला-क्रीडा महोत्सव भरला की गावोगावच्या पोरांच्या अंगात वारं संचारतं. अडतं ते पैशावर. स्पर्धेची प्रवेश फी, चेंडू, गोलची जाळी, मुंबईत सामना असेल तर टेम्पोचं भाडं, हे सगळं बहुतेक क्लबांत दोन-चार दात्यांच्या खिशातून निघतं. दात्याचं मन किंवा धंदा बदलला की संघ बसतो. म्हणून थोडे थोडे पैसे देणारे पुष्कळ समर्थक सभासद करावेत, हा विचार आता लहान क्लबही करू लागलेत. त्याचा प्रचार करायला किती खर्च येतो आणि सभासदाने पैसे देताना काय पाहावं, याचा हा हिशेब.

आधी कागद, मग पत्रक

क्लब नोंदणीकृत आहे का, हा पहिला प्रश्न. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली किमान सात जण मिळून संस्था नोंदवता येते. महाराष्ट्रात तिची सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंद करावी लागते आणि हे काम धर्मादाय कार्यालयात होतं. सरकारी शुल्क किरकोळ असतं. खर्च होतो तो घटना लिहून घेणं, प्रतिज्ञापत्रं आणि सल्लागाराच्या फीवर. फी माणसागणिक बदलते, त्यामुळे दोन-तीन ठिकाणी विचारा आणि ठरलेला आकडा लिहून घ्या.

नोंदणी झाली की संस्थेच्या नावाने पॅन काढा आणि बँकेत खातं उघडा. वर्गणीचा क्यूआर कोड याच खात्याचा हवा. खजिनदाराच्या स्वतःच्या मोबाइल नंबरवर पैसे घेणं सोपं असतं, पण पहिलं भांडण तिथेच सुरू होतं. बँक खात्यातून यूपीआयने आलेल्या पैशांवर जानेवारी २०२० पासून व्यापारी शुल्क लागत नाही, म्हणजे ६०० रुपये दिले तर ६०० जमा होतात.

समर्थकाला मताचा हक्क देणार का, तेही घटनेत स्पष्ट लिहा. १८६० च्या कायद्यात तीन महिन्यांहून अधिक वर्गणी थकवणाऱ्याला मत देता येत नाही, पण वेळेवर भरणारा सभासद उद्या सर्वसाधारण सभेत उभा राहून हिशेब मागू शकतो. मत द्यायचं नसेल तर ‘समर्थक’ हा वेगळा वर्ग करा आणि पत्रकावर तसं छापा. जगात दोन्ही तऱ्हा चालतात. कोलकात्याच्या मोहन बागानमध्ये आणि स्पेनच्या बार्सिलोनात सभासद मतदान करून पदाधिकारी निवडतात. २००५ मध्ये मँचेस्टर युनायटेडच्या चाहत्यांनी क्लबच्या मालकावर रुसून ‘एफसी युनायटेड’ हा स्वतःचा क्लब काढला. तिथे देणगी कितीही मोठी असली तरी एका सभासदाला एकच मत. आपल्याकडे कोल्हापुरात पाटाकडील, बालगोपाल, खंडोबा ही तालमींची नावं लावूनच संघ शाहू स्टेडियममध्ये उतरतात आणि पेठच्या पेठ पाठीशी असते. सांडोरला पेठ नसली तरी आळ्या आहेत आणि चर्चची पॅरिश आहे.

प्रचाराचा खर्च: दोन याद्या

वर्गणी वर्षाला ६०० रुपये, म्हणजे महिन्याला ५०, आणि १५० सभासदांचं उद्दिष्ट असं धरू. पूर्ण जमा ९०,००० रुपये. पुढचे दर अंदाजासाठी धरलेले आहेत. तुमच्या छापखान्यात विचारून आकडे बदलून घ्या.

साधी यादी:
- क्रमांक छापलेली पावती पुस्तकं, ५: ६०० रुपये
- एकरंगी पत्रकं, १,०००: १,२०० रुपये
- सहा बाय तीन फुटांचे दोन फ्लेक्स: ७२० रुपये
- टेबलावर ठेवायचा क्यूआर फलक: २०० रुपये
- जाड कागदाची ओळखपत्रं, १५०: ७५० रुपये
- एकूण ३,४७० रुपये. सभासदामागे सुमारे २३ रुपये

थाटाची यादी: कागदाऐवजी प्लास्टिकची ओळखपत्रं (नगाला ४० रुपये) आणि प्रत्येकाला टी-शर्ट (नगाला ३०० रुपये). आता एकूण खर्च ५३,७२० रुपये, म्हणजे सभासदामागे ३५८. माणसाने ६०० दिले आणि मैदानापर्यंत पोचले २४२.

टी-शर्टने पहिल्या वर्षी गर्दी होते, हे खरं. पण दुसऱ्या वर्षी त्याच माणसाला तोच टी-शर्ट पुन्हा द्यावा लागतो, नाहीतर तो म्हणतो, “या वेळी काहीच नाही?” टी-शर्ट विकायचाच असेल तर वर्गणीपासून वेगळा विका, त्यावर थोडा नफा धरा आणि आगाऊ पैसे आले तेवढेच शिवा.

फ्लेक्स लावण्याआधी वसई-विरार महापालिकेची परवानगी घ्या आणि परवाना क्रमांक फ्लेक्सवर छापा. परवानगीवाचून लावलेल्या फलकांसाठी १९९५ च्या मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायद्यात दंडाची आणि कैदेचीही तरतूद आहे. पत्रकाला ‘भाग्यवान सभासदाला स्कूटर’ असली शेपटी जोडू नका. पैसे घेऊन बक्षिसांची सोडत काढणं हा लॉटरीचा प्रकार ठरतो.

टेबल कुठे, केव्हा

रविवारच्या मिस्सानंतर सांडोरच्या सेंट थॉमस चर्चच्या आवाराबाहेर, फादरांची परवानगी घेऊन मांडलेलं एक टेबल हे हजार पत्रकांपेक्षा जास्त काम करतं. टेबलामागे पदाधिकारी नकोत, खेळणारी पोरं बसवा. शेजारी पुठ्ठ्यावर मागच्या महिन्याचा खर्च मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा: चेंडू २, चुना १ गोणी, रेफ्रींचं मानधन, टेम्पो, बर्फ; प्रत्येकापुढे आकडा आणि खाली शिल्लक. येणारा काका आधी तो पुठ्ठा वाचतो. “चुन्याला एवढे?” असं विचारतो. पोरगं सांगतं की पावसाने आखलेल्या रेषा गेल्या, पुन्हा माराव्या लागल्या. मग काका पाकिटात हात घालतो. क्लबच्या जाहिरातीचं गमक त्या पुठ्ठ्यात आहे.

मोहीम डिसेंबरमध्येच काढा. नाताळला बाहेरगावची माणसं घरी आलेली असतात आणि महोत्सवामुळे खेळाची चर्चा चालू असते. सगळ्यांची मुदत १ जानेवारी ते ३१ डिसेंबर ठेवली की नूतनीकरणाची आठवण एकदाच करावी लागते. कुटुंबासाठी एक हजाराचा वेगळा दर ठेवला तर आई-वडील आणि मुलं एकत्र येतात. मुलांचे फोन नंबर, फोटो, जन्मतारखा घेताना पालकांची संमती लेखी घ्या. २०२३ च्या वैयक्तिक डेटा कायद्यात १८ वर्षांखालच्यांसाठी ती आवश्यक धरली आहे.

परदेशातली वर्गणी

वसईच्या ख्रिस्ती गावांतून आखाती देशांत आणि पुढे कॅनडा-ऑस्ट्रेलियाला गेलेली कुटुंबं पुष्कळ. गावच्या संघासाठी ती हात सैल सोडतात. इथे एक गोष्ट नीट पाहा. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या कमाईतून नेहमीच्या बँक मार्गाने पाठवलेले पैसे परदेशी देणगी समजले जात नाहीत. पण ज्याने परदेशी नागरिकत्व घेतलं आहे, त्याची देणगी, त्याच्याकडे ओसीआय कार्ड असलं तरी, परदेशी ठरते आणि त्यासाठी संस्थेची परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी लागते. लहान क्लबांकडे ती सहसा नसते. म्हणून अर्जावर नागरिकत्वाचा रकाना ठेवाच.

करसवलतीचं आमिष

‘८०जी’ (देणगीवरची आयकर सवलत) मिळेल असं पत्रकावर छापण्याआधी संस्थेकडे ती मंजुरी आहे का ते बघा. मंजुरी असली तरी दोन हजारांवरच्या रोख देणगीला सवलत नाही आणि नव्या करप्रणालीत जाणाऱ्याला या सवलतीचा उपयोग नाही. शिवाय मोफत प्रवेश किंवा टी-शर्ट यांच्या बदल्यात दिलेली वर्गणी ही देणगी मानली जाईलच असं नाही. जीएसटीची भीती मात्र लहान क्लबने बाळगू नये. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सहसा नोंदणी लागत नाही.

पैसे देण्याआधी सभासदाने विचारायचे प्रश्न

- संस्थेचा नोंदणी क्रमांक पावतीवर आहे का?
- क्यूआर कोड स्कॅन केल्यावर क्लबचं नाव दिसतं की एखाद्या माणसाचं?
- मला मत आहे का? नसेल तर हिशेब कुठे वाचायला मिळेल?
- मागच्या वर्षीचा लेखापरीक्षण झालेला हिशेब दाखवाल का?
- माझ्या वर्गणीतले किती रुपये छपाईला आणि किती खेळाला जातात?

क्लबसाठी मोजमाप सोपं आहे: प्रचारावरचा खर्च जमेच्या दहा टक्क्यांवर गेला की थांबा आणि पुढच्या डिसेंबरात किती जण स्वतःहून परत आले ते मोजा. सभासदांनी पाचही प्रश्न विचारावेत. तिसऱ्या प्रश्नाला ‘बघू’ असं उत्तर आलं तर खिशातला हात खिशातच ठेवा.