होडीची गळती

राहू गाव दौंड तालुक्यात आहे. या भागाला लोक राहू बेट म्हणतात. एका अंगाला भीमा, दुसऱ्या अंगाला मुळा-मुठा आणि मधोमध ही जमीन, म्हणून बेट. भीमेपलीकडे शिरूर तालुका लागतो. पुढे मुळा-मुठा भीमेला मिळते.

पूल नव्हते तेव्हा पावसाळ्यात नदीपार जायचे तर होडीच कामी येई. आता पूल झाले. तरी ज्याच्या घरी मासे धरायची जुनी होडी आहे, त्याचे पोट तिच्यावरच चालते. अशी होडी गळू लागली तर काय करावे, ते आपण या धड्यात पाहू.

थोडेसे पाणी आले तर काय बिघडले, असे काही जण म्हणतात. पण हिशेब करून बघा. १ लिटर पाण्याचे वजन १ किलो. होडीत ५० लिटर पाणी साचले, म्हणजे ५० किलोचा एक आगाऊ उतारू बसला. बरे, माणूस एका जागी बसून राहतो. पाणी बसत नाही. होडी जिकडे कलेल तिकडेच ते धावते आणि तिला आणखी कलवते. म्हणून साचलेले पाणी माणसापेक्षा वाईट.

होडी का गळते? लाकूड पाणी पिऊन फुगते आणि उन्हात वाळून आकसते. उन्हाळाभर होडी काठावर पडली की फळ्यांमधल्या फटी रुंदावतात. जुना भरलेला दोरा कुजतो. खिळे गंजतात.

हे काम मृग लागायच्या आत उरकावे. घरातली सगळी माणसे हाताशी असली तर ते लवकर होते.

पहिले काम गळती शोधण्याचे. होडी दोन ओंडक्यांवर उचलून ठेवा. आत चार-पाच घागरी पाणी ओता. पोरांना खाली वाकून बघायला सांगा. त्यांची नजर तीक्ष्ण असते. पाणी जिथून ठिबकेल तिथे गेरूची खूण करा. मग पाणी काढून होडी चांगली वाळू द्या.

दुसरे काम साफसफाईचे. खुणेच्या जागचे जुने डांबर खरवडा. कुजका दोरा उपसून काढा. फळीला दाभण टोचून पाहा. लाकूड चांगले असेल तर दाभण अडते. ते ओल्या मातीत शिरावे तसे आत गेले, तर फळी कुजली आहे. तिथे दोरा भरून उपयोग नाही. सुताराला बोलावून फळी बदलावी.

तिसरे काम फट भरण्याचे. बायकांनी सुताचा किंवा तागाचा सैलसर पीळ वळून तो तेलात भिजवावा. कर्त्या माणसाने बोथट पटाशी व लाकडी हातोडी घेऊन तो फटीत बसवावा. मात्र फार ठासू नये. पुढे फळ्या पाण्यात फुगतात. त्यांना जागा उरली नाही तर खिळे सुटतात.

मग वरून डांबर लावावे. पूर्वी राळ आणि तेल एकत्र कढवून लावीत. डांबर तापवताना मुलांना लांब ठेवा. ओल्या लाकडावर गरम डांबर उडते. डांबराने पेट घेतला तर पाणी टाकू नका, वाळू टाका.

शेवटचे काम परीक्षेचे. होडी दोराने बांधून उथळ पाण्यात सोडा. तिच्यात माणसे बसवू नका, दगड ठेवा. पहिल्या दिवशी थोडे झिरपेल. लाकूड फुगले की एक-दोन दिवसांत ते थांबते. थांबले नाही तर होडी पुन्हा काठावर घ्या.

मोठ्या लाँचीला खिडक्या असतात. त्याही गळतात. घराची खिडकी गळते तसेच ते आहे. पाणी दिसते खाली, पण शिरते वरून, आणि लाकडाच्या कडेने वाहत येते. म्हणून डाग दिसेल तिथे न लिंपता वरची फट शोधावी. जुनी लांबी खरवडून, चौकट वाळवून, मगच नवी लांबी भरावी.

होडी दुरुस्त झाली म्हणून सावधपणा सोडू नये. याच भीमेवर खाली उजनी धरण आहे. २१ मे २०२४ रोजी तिथे कुगावहून कळाशीकडे जाणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण बुडाले. त्यांत लहान मुलेही होती. आभाळ भरून आले की होडी काठाला लावावी. माणसे बेताचीच घ्यावीत. प्रत्येकाच्या अंगात तरंगते जाकीट असावे. पाणी उपसायला एक डबा नेहमी होडीत ठेवावा.

दोन दिवसांची मेहनत आणि थोडे सूत-डांबर, एवढ्याने घरचा धनी संध्याकाळी सुखरूप घरी येत असेल, तर ते काम उद्यावर टाकू नये.

सांगा पाहू

१. साचलेले पाणी माणसाच्या वजनापेक्षा वाईट का?
२. फटीत दोरा फार ठासून का भरू नये?
३. पेटलेल्या डांबरावर काय टाकावे?
४. तुमच्या घरची खिडकी किंवा छप्पर कुठे गळते? पाणी वर कुठून शिरते ते शोधा व दोन ओळी लिहा.