मानाचा अभ्यास

अमेरिकेत स्वार्थमोर नावाचे कॉलेज आहे. तेथे १९२२ साली प्रमुख फ्रँक एडेलॉट यांनी एक नवी रीत पाडली. तिला ऑनर्स म्हणतात. ऑनर्स म्हणजे मानाचा अभ्यास.

या वर्गात सात-आठच मुलेमुली. गुरुजी लांबलचक भाषण देत नाहीत. मुले आधी वाचून येतात, निबंध लिहून आणतात. बाकीची विचारतात, "हे कशावरून म्हणतोस?" घोकून आलेला पहिल्याच प्रश्नाला अडखळतो.

शेवटी परीक्षा. ती घ्यायला परक्या कॉलेजचे गुरुजी येतात. लेखी घेतात, समोर बसवून तोंडीही घेतात. आम्हांला हे फार पटते. गुण देणे परक्याच्या हाती, म्हणून पोरगा आपल्या गुरुजींना न भिता सांगतो, "गुरुजी, एवढे काही कळले नाही बघा."