पेटलेल्या अग्निबाणावरील दोघे
(इयत्ता 5 वी ते 7 वी : सामान्य विज्ञानाचा गोष्टीरूप पाठ)



राकेश शर्मा हे नाव आपल्या विद्यार्थ्यांस ठाऊक असते. 3 एप्रिल 1984 रोजी ते अवकाशात गेले आणि तेथून इंदिरा गांधींशी बोलले, एवढे मुले घडाघडा सांगतात. परंतु त्या यानात त्यांच्यासोबत बसलेला गेनादी स्त्रेकालोव्ह कोण, हे मी ज्या शाळांतून विचारले तेथे गुरुजींनाही सांगता आले नाही. मलाही तो पुष्कळ उशिरा कळला. आजचा पाठ त्याच्याविषयी आहे.

एप्रिल 1983 मध्ये स्त्रेकालोव्ह, यानप्रमुख व्लादिमीर तितोव्ह आणि त्यांचा तिसरा सोबती असे तिघे सोव्हिएत देशाच्या ‘साल्यूत-7’ या अवकाशस्थानकाकडे निघाले. स्थानकाचे अंतर मोजणाऱ्या यंत्राची शिंगे वाटेतच तुटली. तितोव्हने नजरेच्या अंदाजाने यान जवळ नेले. पण वेग फार आहे असे दिसताच त्याने ते बाजूस वळविले आणि तिघे परत आले.

26 सप्टेंबर 1983 च्या रात्री बायकोनूर येथील तळावर तितोव्ह आणि स्त्रेकालोव्ह पुन्हा यानात बसले. खाली अग्निबाणात रॉकेलच्या जातीचे इंधन व द्रवरूप प्राणवायू काठोकाठ भरलेला. उड्डाणास सुमारे दीड मिनिट उरले असता इंधनाची एक झडप मिटली नाही. इंधन सांडले व पेटले. यानावर आच्छादन असल्यामुळे आतील दोघांस ज्वाळा दिसत नव्हत्या.

अग्निबाणाच्या अगदी टोकावर एक लहान सुटकेचा अग्निबाण बसविलेला असतो. संकट आलेच तर माणसे बसलेली कुपी उपटून दूर न्यावयाची, एवढेच त्याचे काम. त्यास हुकूम पोचविणाऱ्या तारा मात्र आगीने जळून गेल्या होत्या.

येथे गोष्ट थांबवावी. फळ्यावर अग्निबाणाची आकृती काढून मुलांस विचारावे, ‘आता काय कराल?’ उत्तराची घाई करू नये. कोणी ‘दार उघडून उडी मारू’ म्हणेल. त्यास हसू नये, उंचीचा विचार करावयास लावावे. एखादा तरी विद्यार्थी ‘तार नसेल तर बिनतारी संदेश’ असे म्हणतोच. तीच वाट नियंत्रकांपाशी शिल्लक होती. तीत दोन निरनिराळ्या माणसांनी काही सेकंदांच्या आत आपापली कळ दाबावयाची असे. एकट्याच्या हातून चुकून कळ दाबली गेली तरी काही होऊ नये, अशी ती योजना होती. त्या रात्री दोघांनीही कळ वेळेवर दाबली. लहान अग्निबाण पाच सेकंद जळला आणि त्याने कुपी ओढून नेली. मागे काही क्षणांतच मोठ्या अग्निबाणाचा स्फोट झाला. कुपी हवाई छत्रीने सुमारे 4 किलोमीटर अंतरावर उतरली. दोघांस मुका मार लागला होता, इतकेच.

त्या पाच सेकंदांत त्यांच्या अंगावर पृथ्वीच्या ओढीच्या 14 ते 17 पट भार आला. याचे गणित वर्गातच करवून घ्यावे. 30 किलो वजनाच्या मुलास 420 ते 510 किलो म्हणजे जोंधळ्याची चार-पाच क्विंटल पोती अंगावर ठेवल्यासारखे वाटेल. आकड्यापेक्षा पोते मुलांस लवकर समजते.

ओढ दाखविण्यास दोन खुंट्यांमध्ये दोरा ताणावा, त्यात पपईच्या देठाची पोकळ नळी ओवावी, नळीस फुगविलेला फुगा चिकटवून मागे रिकामी आगपेटी बांधावी. फुग्याचे तोंड सोडताच आगपेटी पुढे ओढली जाते. फुगा थोडा मोठा घ्यावा, लहान फुग्याने माझी फजिती झाली आहे.

एक सावधगिरी सुचवितो. ‘देव तारी त्याला कोण मारी’ म्हणून गोष्ट आटोपू नये. श्रद्धेस धक्का देण्याचे आपणास कारण नाही. पण तो लहान अग्निबाण कोणीतरी आधी विचार करून तेथे बसविला होता, आणि अशा कित्येक उड्डाणांत त्याची गरजच पडली नव्हती, हे मुलांस कळले पाहिजे.

कन्नड तालुक्यातील एका शाळेत हा पाठ घेतला तेव्हा पाचवीतील एका मुलीने विचारले, ‘गुरुजी, मग तो पुन्हा कसा बसला?’ मी तिला तारीख सांगितली. आगीनंतर अवघ्या सहा-सात महिन्यांनी, राकेश शर्मांसह, त्याच बायकोनूरहून. या वेळी ‘साल्यूत-7’ गाठता आले आणि 11 एप्रिल 1984 रोजी ते सुखरूप उतरले. ती मुलगी बराच वेळ फळ्यावरील आकृतीच्या टोकाकडे पाहत राहिली.

पुढे राकेश शर्मा नाशिकजवळ ओझर येथील विमान कारखान्यात मुख्य चाचणी वैमानिक होते. वैजापूरकडील मुलांस ओझर फार दूरचे वाटणार नाही, नकाशात दाखवावे.

वेळ उरल्यास ‘गगनयान’च्या चाचणीकडे वळावे. 21 ऑक्टोबर 2023 रोजी श्रीहरिकोटा येथे, आत माणूस न बसविता, अशाच सुटकेच्या अग्निबाणाने कुपी वेगळी करून बंगालच्या उपसागरात उतरविण्यात आली. त्या सकाळी उड्डाणास पाच सेकंद असता संगणकाने ते स्वतःच थांबविले होते. दोष शोधून मग दहा वाजता उड्डाण झाले. या भागास मात्र दुसरी तासिका ठेवलेली बरी.